कोरडे हात

तिनं अंगठा पुसला, तर्जनी पुसली, मधल्या बोटाभोवती नॅपकिन गुंडाळला, आणि समोरून सरांची पेन्सिल टेबलावर दोनदा वाजली.

“थांबा.”

तालमीच्या खोलीत सगळे होते तिथे थांबले. पाहुणे झालेली दोन मुलं कोचाच्या कडेवर, नवरा झालेला लांब्या कपाटाला टेकून, आणि ती, नाटकातली बायको, खडूनं आखलेल्या स्वयंपाकघरात सिंकपुढे. सिंक म्हणजे पालथा घातलेला लाकडी खोका होता. नळ नव्हताच.

“हे काय चाललंय?” सर म्हणाले.

“हात पुसते आहे, सर.”

“ते दिसतंय. हात ओले आहेत का?”

“नाही.”

“मग कोरडे हात कोण पुसतं?”

मागे कुणीतरी हसलं. सरांना असं हसू आवडायचं. ते त्याला पुरती जागा देत आणि मग पुढचं वाक्य टाकत.

“नवरा चार लोकांसमोर हिची टर उडवतो. लेखकानं कंसात काय लिहिलंय? ‘ती काहीच बोलत नाही.’ एवढंच. शांतता आहे ती, तिला झालर लावत बसायचं नाही. एकेक बोट वेगळं पुसणारी बाई मी आजवर पाहिलेली नाही. खोटं आहे. काढून टाक.”

“बरं,” ती म्हणाली.

दुसरं काही म्हणायची इथे सोयच नव्हती. विद्यापीठाच्या या कॉलेजात तळमजला डिझाइनवाल्यांचा, पहिला मजला कॅमेरे आणि माइकवाल्यांचा, आणि सगळ्यात वर, जिथे लिफ्ट जात नव्हती तिथे, नाट्य विभाग. वरच्या मजल्याचा एक कायदा होता. सरांनी नोट, म्हणजे कामातली चूक दाखवणारी सूचना, दिली की घेणाऱ्यानं बाजू मांडायची नाही, कारण सांगायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. ‘बरं’ म्हणायचं आणि पुढच्या वेळी करून दाखवायचं. प्रेक्षकाला कारणं सांगायला त्याच्या घरी जाणार आहात का, असं सर पहिल्याच दिवशी विचारत. बिनतोड होतं ते. तिला तर हा कायदा नव्यानं शिकावाही लागला नव्हता. घरी आई तोच पाळत आली होती, फक्त तिथे त्याला नोट म्हणत नसत.

कारण सर तिचे वडील होते.

घरात तिला मुंगी म्हणायचे. कॉलेजात तिला नाव असून नसल्यासारखं होतं, सगळे ‘सरांची’ म्हणत. सरांचीला बायकोचं काम मिळालं तेव्हा कुणी काही बोललं नाही. कँटीनमध्ये तिच्यासाठी खुर्ची मात्र जरा जास्तच तत्परतेनं सरकवली गेली. तिला ते कळत होतं. म्हणून तर शेवटच्या वर्षाच्या या प्रयोगावर तिनं सगळं लावलं होतं. प्रयोगाला रंगमंडळाच्या संचालिका परीक्षक म्हणून यायच्या. दरवर्षी त्या वर्गातला एकच जण उचलत. उचलला तो नट झाला, बाकीचे मुलांच्या वाढदिवसांना विदूषक होत किंवा जाहिरातीत दात दाखवत. रंगमंडळाची स्वतःची इमारत होती, राहायच्या खोल्या होत्या, आणि ती दुसऱ्या गावात होती. मुंगीला यातलं शेवटचं सगळ्यात जास्त हवं होतं.

तालीम संपल्यावर जिन्यात लांब्यानं तिला गाठलं.

“काढू नकोस ते,” तो म्हणाला. “मी तुझी टर उडवतो आणि तू शांतपणे बोटं पुसतेस. मला पाठ फिरवून उभं राहावंसं वाटतं. खरंच लाज वाटते.”

“सर खोटं म्हणाले.”

“सर म्हणाले म्हणजे झालं का?”

“अर्धे मार्क त्यांच्या हातात आहेत.”

“तुला काय काळजी,” लांब्या म्हणाला, आणि मग जीभ चावून उगाच बुटाची नाडी बांधायला वाकला. ती त्याच्यासाठी न थांबता खाली उतरली.

आणि सरांचं नाव होतं ते निरीक्षणासाठीच. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर, बँकेच्या रांगेत पिटाळत. तिथून एका अनोळखी माणसाची एकच लकब उचलायची आणि वर्गात करून दाखवायची. सर डोळे बारीक करून बघत आणि सांगत, हा शिंपी, दोरा दातानं तोडतो म्हणून मान अशी जाते. ही शाळेत शिकवते, बोट उगारते आणि लगेच आवरून घेते. क्वचितच चुकत. मुलं तोंडात बोट घालत. तो तास बघायला बाहेरचे लोकसुद्धा यायचे, मागे उभे राहायचे. जगाकडे बघता आलं की माणूस निम्मा नट झाला, असं सर म्हणत.

मुंगी बसथांब्यावर कधी गेलीच नव्हती. तिला लांब जायची गरज नव्हती.

घरी पाहुणे आले की बाबांचा एक किस्सा ठरलेला असे. त्यांच्या पहिल्या मोठ्या नाटकाचा प्रयोग, थिएटर खच्चून भरलेलं, रंगमंचावर नायक शेवटचे श्वास मोजतोय, लोक डोळे पुसताहेत. “आणि त्या शांततेत,” बाबा म्हणत, “पहिल्या रांगेतून आवाज येतो. घर्र. बघतो तर आमची ही. नायक मरतोय आणि ही घोरतेय. नायकसुद्धा दचकला, दोन मिनिटं मरायचा थांबला.” पाहुणे लोटपोट. ज्यांनी किस्सा पाच वेळा ऐकला होता तेही. बाबा सांगतच तसे, नायकाचं दचकणं करून दाखवत. तेव्हा मुंगी तापानं फणफणली होती आणि आई रात्रीमागून रात्र तिच्या उशाशी जागी होती, हे किश्श्यात नव्हतं. किस्सा लांबला असता.

आईसुद्धा हसायची. मग चहाचं बघते म्हणून आत यायची. आतल्या छोट्या टेबलाशी मुंगी अभ्यासाला बसलेली असे. आई सिंकपाशी जायची, नळ सोडायची नाही, खुंटीवरचा नॅपकिन घ्यायची आणि हात पुसायची. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. मग दुसरा हात. घाई नाही, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. नॅपकिन चौघडी करून खुंटीवर परत. मग ती वळायची तेव्हा चेहरा पुन्हा जागेवर आलेला असे आणि ती कपांचा ट्रे उचलून बाहेर जायची. बाबांना हे दिसायचा प्रश्नच नव्हता. त्यांचं तोंड कायम पाहुण्यांकडे असे.

मुंगीनं नाटक वाचताना तो कंस पाहिला, ‘ती काहीच बोलत नाही’, आणि तिचे हात आपोआप एकमेकांकडे गेले होते. तिनं ते तालमीत केलं त्यामागे नुसतं काम चांगलं व्हावं एवढंच नव्हतं, हे तिचं तिला ठाऊक होतं. जगातले शिंपी ओळखणारा माणूस हे बघेल आणि एक क्षण त्याची पेन्सिल हवेत राहील, असं तिला वाटलं होतं. पेन्सिल टेबलावर वाजली. ते तिला फार लागलं. स्वतःचं काम नापास झालं असतं तर एवढं लागलं नसतं.

पुढच्या सगळ्या तालमींत तिनं हात खाली सोडून शांतता पाळली. सर म्हणाले, “आता कसं.”

प्रयोग दुपारचा होता. आई दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची, लोकांना वेळा द्यायची. तिनं अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. पडद्याच्या फटीतून मुंगीनं तिला पाहिलं. तिसऱ्या रांगेत कडेला, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. बाबांनी तिला पहिल्या रांगेत बसवलं नव्हतं. गमतीनं म्हणाले होते, जोखीम नको. पहिल्या रांगेत मधोमध परीक्षक बाई होत्या, पांढरे आखूड केस, मांडीवर बंद पेन.

पहिला अंक सुरळीत गेला. दुसऱ्यात पाहुणे आले, कोचावर बसले, लांब्यानं पेला हातात घेतला आणि बायकोची नक्कल करायला लागला. तो मन लावून करत होता. थिएटरमध्ये हशा पिकला. मुंगी खऱ्या सिंकपुढे येऊन उभी राहिली, प्रेक्षकांकडे तोंड करून, आणि हात खाली सोडले. ठरल्याप्रमाणे.

तिची नजर मागच्या दाराकडे गेली. सर तिथे उभे होते. प्रयोगाला ते कधी बसत नसत. ते रंगमंचाकडे बघतच नव्हते. मान किंचित वाकडी करून ते परीक्षक बाईंचा चेहरा दिसतो का ते बघत होते.

मुंगीनं खुंटीवरचा नॅपकिन घेतला.

अंगठा. तर्जनी. हसणारे अजून हसत होते. मधलं बोट. हसू ओसरायला लागलं, मग एकटाच कुणीतरी हसत राहिला आणि त्यालाही ते जाणवून तो गप्प झाला. अनामिका. लांब्याचं वाक्य संपलं होतं आणि पाहुण्यांपैकी कुणी पुढचं घेत नव्हतं. करंगळी. मग दुसरा हात, पहिल्यापासून. नॅपकिनची चौघडी करून तिनं तो खुंटीवर ठेवला आणि चेहऱ्यावर हसू आणून वळली. थिएटर चिडीचूप होतं. जे हसले होते त्यांना आता आपण हसलो याचं काय करावं ते सुचत नव्हतं.

तिसऱ्या रांगेकडे तिनं पाहिलं नाही. तिच्या आत्ता लक्षात आलं होतं की या स्वयंपाकघराला प्रेक्षकांच्या बाजूची चौथी भिंत नाही. घरी होती.

प्रयोगानंतर मेकअपच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. सर आत आले तेव्हा मुंगी आरशाकडे तोंड करून खुर्चीत बसून राहिली. सर काही बोलायच्या आत परीक्षक बाई आल्या आणि गर्दी बाजूला झाली.

“ते हात पुसणं,” बाई म्हणाल्या. “ते संहितेत नाही.”

“नाही,” मुंगी म्हणाली.

“मी पुष्कळ काम बघते. असं काही क्वचित दिसतं. कुणी सुचवलं?”

मुंगीनं तोंड उघडलं. सर पुढे झाले.

“निरीक्षण,” ते म्हणाले. “पहिल्या वर्षापासून तेच घोटून घेतो आम्ही. आणि खरं सांगू, यावर मी तिला तालमीत मुद्दाम अडवलं होतं. अडवलं की नट ठाम होतो. पोकळ असेल तर गळून पडतं, खरं असेल तर टिकतं. टिकलं.”

कोपऱ्यात लांब्या नाटकासाठी चिकटवलेली दाढी काढत होता. त्यानं आरशातून मुंगीकडे पाहिलं. तिनं नजर दिली नाही.

“पत्र पाठवते,” बाई मुंगीला म्हणाल्या. “सामानाची तयारी ठेव.”

खोलीत टाळ्या झाल्या. लांब्यानंही वाजवल्या. दारात आई उभी होती, कधीची कोण जाणे. सरांनी तिला हात धरून पुढे आणलं.

“ही आमची,” ते बाईंना म्हणाले. “आज जागी होती. म्हणजे समजा नाटक बरं झालं.”

बाईंना तो किस्सा माहीत असावा, त्या मोकळेपणानं हसल्या. सगळेच हसले. आईही हसली. मुंगीनं तिच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांनी तिनं पर्सचा पट्टा धरला होता आणि बोटं अगदी स्थिर ठेवली होती.

घरी जेवताना बाबा खुशीत होते. दोनदा वाढून घेतलं. मग ताटली सरकवून, कोपरं टेबलावर टेकून ते म्हणाले,

“मुंगे, एक सांग. ते बोटांचं कुठून उचललंस?”

“असंच. बघितलं होतं कुठेतरी.”

“कुठेतरी चालत नाही. माणूस डोळ्यांपुढे लागतो. थांब, सांगू नकोस. मी ओळखतो.” त्यांनी वर्गात करत तसे डोळे बारीक केले. “बाई मध्यमवयीन. नोकरी करणारी, बेताची. राहते दुसऱ्याच्या घरात. भावाकडे वगैरे, आश्रितासारखी. बोलायची सोय नाही. स्वतःचं म्हणायला दहा बोटं तेवढी, ती जागेवर आहेत ना ते मोजून बघते. बरोबर?”

आई पाणी ओतत होती. ग्लास भरला तशी तिनं जग खाली ठेवला.

“जवळपास,” मुंगी म्हणाली.

“जवळपास?” बाबांना ते रुचलं नाही. “चुकलं कुठे?”

“जेवू दे ना तिला,” आई म्हणाली. “असेल कुणीतरी बिचारी.”

“बिचारीच,” बाबा म्हणाले. “पण निरीक्षण पक्कं आहे पोरीचं. वळण कुणाचं आहे?” आणि त्यांचा फोन वाजला म्हणून ते तो घेऊन कोचावर जाऊन बसले.

मुंगी ताटल्या घेऊन आईच्या मागे आत गेली. आईनं नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली. मुंगीनं सिंकशेजारची ताटली उचलली, पुन्हा ठेवली.

“मी असं करते?” आईनं विचारलं. मान वर न करता.

“कधीकधी.”

“मला माहीतच नव्हतं.”

“रागावलीस?”

“छे. रागवायचं काय त्यात. काम झालं ना तुझं.” तिनं एक पेला विसळला, उजेडात धरून बघितला, परत विसळला. “मागच्या रांगेतली एक बाई रडत होती. शेजारणीला म्हणाली, माझी आई आठवली. म्हटलं, किती जणी असतील गं अशा.” मग थोड्या वेळानं, “कधीपासून बघत होतीस?”

“लहान होते तेव्हापासून.”

“मला वाटायचं तू अभ्यास करतेयस.”

मुंगीला रडू येत होतं. तिनं ते गिळलं. आईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं आणि तिच्यासमोर आपण रडणं बरं दिसलं नसतं.

“बाबांना कळलं नाही,” ती म्हणाली.

“ते बरंच झालं,” आई म्हणाली. “कळलं असतं तर पाहुण्यांना करून दाखवलं असतं.”

बाहेर बाबा फोनवर कुणाला तरी प्रयोगाचं सांगत होते. मधे त्यांचा आवाज चढला. “अहो कसली घोरतेय, चक्क जागी. चमत्कार झाला आज.” आणि ते मनापासून हसले. भिंतीपलीकडून ते हसू नेहमीसारखंच ऐकू आलं.

आईनं नळ बंद केला. तिचा हात खुंटीकडे गेला, नॅपकिनला लागला आणि तिथेच थांबला. तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. मुंगीनं चटकन मान फिरवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पण उशीर झाला होता. ती बघत होती हे आईला दिसलं होतं.

आईनं नॅपकिन खुंटीवरून काढला आणि मुंगीच्या हातात दिला.

“घे. तेवढी भांडी पूस,” ती म्हणाली, आणि टेबलावरचे ग्लास आणायला तशीच बाहेर गेली.

“अगं, सगळीकडे पाणी सांडतेस,” बाबा बाहेरून म्हणाले. “हात पुसून यावं की नाही माणसानं?”

“बरं,” आई म्हणाली.

मुंगी नॅपकिन धरून सिंकपाशी उभी राहिली. बाहेर ग्लास एकात एक ठेवल्याचा आवाज येत होता. नॅपकिन मागायला आई आत आली नाही.